चनोत उलटून वाचा: थाई जोडीदार असलेल्यांसाठी व्हिसा आणि घराची वाट

जमीन घ्यायची म्हटली की आपण पहिल्यांदा विचारतो, सातबारा कुणाच्या नावावर आहे? थायलंडमध्ये परदेशी माणसाने हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. उत्तर ठरलेलं आहे: तुमच्या नावावर नाही आणि होणारही नाही. तिथला जमीन कायदा १९५४ चा. मोठ्या गुंतवणूकदारांसाठी त्यात एक फट आहे, चार कोटी बाट (थाई चलन) गुंतवायचे आणि सरकारी परवानगीने राहण्यापुरती एक राय, म्हणजे जवळजवळ सोळा गुंठे, जमीन घ्यायची. आपल्यासारख्यांनी ती विसरून जावी. थाई बायको किंवा नवरा असल्याने यात काही बदलत नाही. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, तसंच समजा. बायको पाटलाची असली म्हणून जावई शेतकरी होत नाही.

म्हणून प्रश्न वेगळा विचारायचा: सातबाऱ्यावर जो ‘इतर हक्क’ असा रकाना असतो, त्यात माझं नाव येईल का? तिथे ते येऊ शकतं. थाई जमिनीच्या कागदाला चनोत म्हणतात आणि हा रकाना त्याच्या पाठीमागे असतो. या लेखातलं घराबद्दलचं सगळं त्या मागच्या बाजूभोवतीच फिरणार आहे.

मी सांगलीचा, बायको खोन केन जिल्ह्यातली. आपली मुलं इकडे थायलंडमध्ये लग्न करून येतात, ओळखीतून फोन करतात आणि पहिला प्रश्न घराचाच असतो. सासरे भाताच्या खाचराशेजारचा तुकडा दाखवतात, स्वस्त वाटतो, तीन महिन्यांत पैसे जातात. मग लक्षात येतं की पासपोर्टवर शिक्का फक्त पर्यटकाचा आहे. क्रम उलटा करा. आधी लग्नाची नोंद, मग व्हिसा, मग पैसे, आणि घर सगळ्यात शेवटी.

पहिलं पाऊल: लग्न कागदावर

भिक्खू आले, मनगटाला पांढरा दोरा बांधला, सिन-सोत म्हणजे मुलीकडच्यांना द्यायची रक्कम ताटात मांडून झाली, गाव जेवलं. कायद्याच्या दृष्टीने अजून काहीच झालेलं नाही. लग्न होतं ते अम्फोमध्ये, म्हणजे तालुका कचेरीत. बँकॉकमध्ये तिला खेत म्हणतात.

भारतीय नागरिकाला लागतो तो अविवाहित असल्याचा, लग्नाला अडचण नसल्याचा कागद. तो बँकॉकच्या भारतीय दूतावासातून मिळतो, सुखुमवित सोई २३ वर. त्याचं थाई भाषांतर करून चेंग वत्थना रस्त्यावरच्या कॉन्सुलर खात्याचा शिक्का घ्यायचा आणि मग अम्फोत जायचं. भाषांतरात नावाचं स्पेलिंग एकदाच ठरवा आणि पुढे कायम तेच ठेवा. आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव, हे तिथल्या भाषांतरकाराला माहीत नसतं. माझ्या पहिल्या कागदावर वडिलांचं नाव माझं आडनाव होऊन बसलं होतं आणि ते सुधारायला बँकॉकची आणखी एक खेप पडली.

नोंद झाली की दोघांना एकेक प्रमाणपत्र मिळतं, ते खॉ रॉ ३. कचेरीच्या नोंदवहीचा उतारा म्हणजे खॉ रॉ २. हे दोन आकडे लक्षात ठेवा, व्हिसासाठी दोन्ही लागतात आणि खॉ रॉ २ दरवर्षी ताजा काढावा लागतो. लग्न भारतात झालं असेल, उदाहरणार्थ विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस देऊन, तर ते प्रमाणपत्र साक्षांकित आणि भाषांतरित करून अम्फोत नोंदवायचं. त्याचा जो कागद मिळतो तो खॉ रॉ २२. २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी जोडप्यांनाही लग्नाची नोंद करता येते आणि पुढच्या पायऱ्या त्यांनाही याच आहेत.

एक गोष्ट इथेच ठरवा, नंतर होत नाही. लग्नाआधीचा मालमत्तेचा करार करायचा असेल तर तो लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नोंदणीच्याच वेळी विवाह नोंदवहीत चढवावा लागतो. दुसऱ्या दिवशी आठवला तर त्याची किंमत शून्य. आपल्याकडे हा विषय काढला की घरात तोंडं पडतात. थाई सासरी मला कुणी काही म्हटलं नाही, सासूने फक्त विचारलं की चहा कधी घेणार.

दुसरं पाऊल: व्हिसा, म्हणजे खरं तर मुदतवाढ

सगळेच ‘मॅरेज व्हिसा’ म्हणतात, पण ते दोन वेगळे कागद आहेत. आधी नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा, ९० दिवसांचा. तो भारतातून ऑनलाइन अर्ज करून मिळतो. पर्यटक म्हणून आला असाल आणि मुक्कामाचे किमान १५ दिवस उरलेले असतील तर थायलंडमध्येच बदलून घेता येतो, फी २,००० बाट. त्या ९० दिवसांतल्या शेवटच्या महिन्यात राहत्या जिल्ह्याच्या इमिग्रेशन कचेरीत वर्षभराची मुदतवाढ मागायची. फॉर्म टीएम ७, फी १,९०० बाट. पुढे दरवर्षी हेच.

पैशांची अट अशी: थाई बँकेत फक्त तुमच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यात ४ लाख बाट, अर्जाच्या आधी सलग दोन महिने पडून असलेले. नाहीतर महिन्याला ४०,००० बाट उत्पन्नाचा पुरावा. जोडखातं चालत नाही. ही अट थाई बायको असलेल्या परदेशी नवऱ्याला आहे. परदेशी बाई थाई पुरुषाची बायको असेल तर तिला पैसे दाखवावे लागत नाहीत. असं का, हे मी एकदा एका अधिकाऱ्याला विचारलं होतं. तो हसला आणि त्याने माझं पासबुक पुढे ओढलं.

पासबुकावरून आठवलं. अर्जाच्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन खात्यात शंभर बाट भरा आणि पासबुक छापून घ्या, म्हणजे शेवटची नोंद त्याच तारखेची दिसते. बँकेचं पत्रही त्याच दिवशीचं घ्या. आणि मुदतवाढीचा अंतिम शिक्का बसेपर्यंत त्या ४ लाखांना हात लावू नका.

बाकी गठ्ठा: पासपोर्टच्या प्रती, बायकोचं ओळखपत्र आणि घराची नोंदवही, खॉ रॉ २ आणि ३, घराचा हाताने काढलेला नकाशा आणि दोघांचे फोटो. घरात, स्वयंपाकघरात, दारासमोर, आणि घराचा नंबर दिसेल असे. नंबराची पाटी दिसायलाच हवी. आमच्या पहिल्या फोटोत पाटीवर सासूची पातेल्याची फडकी वाळत होती, म्हणून फोटो परत आला. प्रत्येक पानावर तुमची सही, बायकोच्या कागदांवर तिची. अर्जाच्या वेळी तिला सोबत यावंच लागतं.

अर्ज घेतला की लगेच वर्ष मिळत नाही, ‘विचाराधीन’ असा साधारण महिन्याचा शिक्का मिळतो. त्या काळात अधिकारी घरी येऊ शकतात, शेजाऱ्यांना विचारू शकतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. आमच्याकडे दोघे आले, पाणी प्यायले, बाथरूममध्ये दोन टूथब्रश आहेत का ते बघितलं आणि सासूकडून हिरवे आंबे घेऊन गेले.

यानंतर कायम डोक्यात ठेवायच्या तीन गोष्टी. तीनही छोट्या आहेत, पण त्यांच्यापायी माणसं फार अडकतात.

पहिली, री-एंट्री परवाना. मुदतवाढ मिळाल्यावर हा न घेता देशाबाहेर पाऊल टाकलं की मुदतवाढ संपली. एका फेरीसाठी १,००० बाट, कितीही फेऱ्यांसाठी ३,८००, फॉर्म टीएम ८. दुसऱ्या वर्षी वडील दवाखान्यात म्हणून मी रात्रीच्या विमानाने निघालो. हा कागद डोक्यातच आला नाही. परतलो तो पर्यटक म्हणून. नॉन-ओ पासून सगळं पुन्हा. मोठ्या विमानतळांवर हा परवाना देणारा काउंटर असतो, हे मला त्यानंतर कळलं. तेव्हापासून मी दरवर्षी मुदतवाढीच्या दिवशीच ३,८०० वाला घेतो.

दुसरी, दर ९० दिवसांनी ‘मी इथेच राहतो’ हे कळवणं, फॉर्म टीएम ४७. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालतं, उशीर झाला तर २,००० बाट दंड. मध्ये परदेशी जाऊन आलात तर मोजणी नव्याने सुरू होते.

तिसरी, टीएम ३०. परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला हे घरमालकाने २४ तासांत कळवायचं असतं. तुमच्या बाबतीत घरमालक म्हणजे बायको किंवा सासू. हे झालेलं नसेल तर पुढच्या प्रत्येक अर्जाला काउंटरवर तोच प्रश्न येतो.

मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. ९० दिवसांच्या वर गेलं की देशबंदी. तिथे बायको थाई आहे हे कुणी ऐकून घेत नाही.

पन्नाशी पार केली असेल तर निवृत्तीची मुदतवाढ हा दुसरा रस्ता आहे. ८ लाख बाट किंवा महिना ६५,०००. पैसे जास्त अडकतात आणि नोकरी करता येत नाही, पण घरी कुणी येत नाही, फोटो नाहीत आणि बायकोला रांगेत उभं राहावं लागत नाही. आणि ती मुदतवाढ लग्नावर टेकलेली नसते. लग्नाची मुदतवाढ जोडीदार गेला किंवा घटस्फोट झाला की उभी राहत नाही. पन्नाशीनंतर जमत असेल तर मी हाच रस्ता सुचवतो. कामधंदा करायचा असेल तर मात्र लग्नाचाच घ्या, त्यावर वर्क परमिट मिळू शकतं.

तिसरं पाऊल: पैसे कसे आणायचे

भारतात राहणाऱ्या माणसाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात, परदेशी घर घ्यायलाही. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात परत मागता येतो, पण तोवर पैसा अडकतो, हे हिशोबात धरा. अनिवासी असाल तर ही योजना तुम्हाला लागू नाही, एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या रुपया खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतची वाट आहे. भारतात निवासी म्हणून विवरणपत्र भरत असाल तर थाई खातं आणि घर शेड्युल एफएमध्ये, म्हणजे विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवा.

एक चूक मात्र महागात पडते. फ्लॅट घ्यायचा असेल तर रक्कम परकीय चलनातच थायलंडमध्ये पोचली पाहिजे आणि तिचे बाट तिथल्या बँकेने केले पाहिजेत. पाठवण्याचं कारण म्हणून ‘कॉन्डोमिनियम खरेदी’ लिहा. मग थाई बँक परकीय चलनाच्या व्यवहाराचा फॉर्म देते, छोट्या रकमेला तसं पत्र देते. तो कागद नसेल तर लँड ऑफिस फ्लॅट तुमच्या नावावर चढवणार नाही. भारतातल्या शाखेतला माणूस ‘सर, थेट बाटच पाठवू का?’ असं मदतीच्या सुरात विचारील. नको म्हणा.

थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस राहिलात तर तुम्ही तिथले कर-निवासी होता, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेलं बाहेरचं उत्पन्न तिथे आणलं की त्यावर कर लागू शकतो. रक्कम मोठी असेल तर आणायच्या आधी हिशोबनीसाला दाखवा.

चौथं पाऊल: जमिनीचा कागद ओळखा

थाई जमिनीच्या कागदांवर गरुड असतो, आपलाच गरुड, तिथे त्याला ख्रुत म्हणतात. त्याचा रंग बघा. लाल गरुड म्हणजे चनोत, मोजणी झालेली पूर्ण मालकी. हिरवा म्हणजे नॉ सॉ ३ गॉ, ताबा पक्का पण एक पायरी खाली. काळा म्हणजे नॉ सॉ ३, हद्दी सैल. आणि सॉ पॉ कॉ ४-०१ नावाचा कागद दिसला तर उठून चालू लागा. ती शेतीसुधारणेची, वाटप केलेली जमीन असते, ती विकताच येत नाही. ईसानमध्ये, म्हणजे ईशान्य थायलंडमध्ये, ‘स्वस्त’ म्हणून दाखवलेल्या तुकड्यांत ती बऱ्याचदा निघते. फक्त लाल गरुड घ्या.

मापं: १ राय म्हणजे १,६०० चौरस मीटर, आपले जवळजवळ सोळा गुंठे. एका रायचे ४ न्गान किंवा ४०० चौरस वा. एकर सांगायचा तर सुमारे अडीच राय.

मग कागद उलटा. मागे व्यवहारांची यादी असते: कुणी कुणाला विकली, गहाण कधी ठेवली, सोडवली का. तारखा बौद्ध शकात असतात, त्यातून ५४३ वजा करा. शेवटची ओळ गहाणाची असेल आणि तिच्याखाली सोडवल्याची ओळ नसेल, तर जमीन अजून गहाण आहे. मालकाच्या हातातल्या प्रतीवर विसंबू नका, दुसरी मूळ प्रत लँड ऑफिसात असते, तिच्याशी पडताळा. जागेवर जाऊन हद्दीचे खांबही बघा. कॉंक्रीटच्या बुटक्या खांबांवर नंबर असतात आणि तेच नंबर चनोतच्या नकाशात. आमचा चौथा खांब केळीच्या बुडात पुरला गेला होता. सासऱ्यांनी विळ्याच्या टोकाने माती खरवडली, नंबर वाचला, आणि तेव्हा कळलं की शेजाऱ्याचं कुंपण दीड हात आत आलंय.

खरेदीच्या दिवशी तुमच्यासमोर एक कागद येईल. १९९९ पासून परदेशी माणसाशी लग्न केलेल्या थाई व्यक्तीला जमीन घेता येते, पण दोघांनी लिहून द्यायचं असतं की हे पैसे थाई जोडीदाराचे स्वतःचे आहेत, संसाराचे नाहीत. थाई कायद्यात वैयक्तिक मालमत्ता ‘सिन सुआन तुआ’ आणि लग्नानंतरची दोघांची ‘सिन सोमरोत’. सही केली की ती जमीन पहिल्या खात्यात गेली. उद्या घटस्फोट झाला तर तिचा अर्धा वाटा मागता येत नाही. पैसे सांगलीहून आलेले असोत, कागद सांगतो ते तिचे. ही सही टाळता येत नाही. म्हणून जमिनीत तेवढेच पैसे घाला जे बायकोला भेट दिले असं मनापासून म्हणता येईल.

पाचवं पाऊल: मागच्या बाजूला नाव

आता इतर हक्क.

पहिला आहे ‘सित्थि केप किन’. शब्दशः गोळा करून खाण्याचा हक्क, आपल्या भाषेत हयातीचा भोगवटा. जमीन दुसऱ्याची, पण जिवंत असेपर्यंत किंवा ठरलेल्या मुदतीपर्यंत, जास्तीत जास्त ३० वर्षं, राहायचं आणि उत्पन्न घ्यायचं तुम्ही. चनोतच्या मागे नोंदवला की जमीन विकली गेली तरी हक्क टिकतो. तुमच्याबरोबर तो संपतो, वारसाला जात नाही. नोंदणीचा खर्च नाममात्र.

याला एक भोक आहे. थाई दिवाणी संहितेचं कलम १४६९ सांगतं की नवरा-बायकोने लग्नात असताना आपसात केलेला मालमत्तेचा करार, लग्न चालू असेपर्यंत किंवा संपल्यावर वर्षभरात, कुणीही एकतर्फी मोडू शकतो. म्हणजे नेमकं भांडण होईल तेव्हाच हा कागद डळमळतो. जमीन सासू-सासऱ्यांच्या नावावर असेल आणि हक्क त्यांनी दिला असेल तर हे कलम लागत नाही, कारण तो नवरा-बायकोतला करार नव्हे. काही लँड ऑफिसं नवरा-बायकोत हा हक्क नोंदवायलाच नाही म्हणतात. जमीन घ्यायच्या आधी आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन विचारा, नंतर नाही.

दुसरा हक्क जमिनीच्या वरच्या भागाचा. जमीन तिची, घर तुमचं. घर ही जमिनीपासून वेगळी मालमत्ता असू शकते आणि परदेशी माणसाला घराचं मालक होता येतं. त्यासाठी हा हक्क चनोतवर नोंदवून, बांधकाम परवाना तुमच्या नावाने काढा, मिस्त्रीशी करार तुमच्या नावाने करा, विटा-सिमेंटची बिलं तुमच्या नावाने घ्या आणि जपून ठेवा. कलम १४६९ ची तलवार बायकोने दिलेल्या या हक्कावरही आहे, पण घर कुणी बांधलं याचा पुरावा हातात राहतो. ऐपत कमी असेल तर मी हीच वाट धरीन.

तिसरा, भाडेपट्टा. जास्तीत जास्त ३० वर्षं. तीन वर्षांच्या वरचा असेल तर नोंदवावाच लागतो, खर्च एकूण भाड्याच्या एक टक्का आणि वर मुद्रांक ०.१ टक्का. ‘३० अधिक ३० अधिक ३०’ अशी जाहिरात दिसली तर पहिले तीस तेवढे मोजा.

निळी किंवा पिवळी घराची नोंदवही म्हणजे मालकी नव्हे. ती कोण कुठे राहतो याची वही आहे. निळी थाई लोकांची, पिवळी परदेशी माणसांची. पिवळी जरूर काढून घ्या, पत्त्याचा पुरावा म्हणून फार कामी येते.

शहरात राहणार असाल तर हा सगळा व्याप वाचवा आणि फ्लॅट घ्या. १९७९ च्या कॉन्डोमिनियम कायद्याने इमारतीतल्या एकूण विक्रीयोग्य क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंत परदेशी लोकांच्या पूर्ण मालकीला वाव आहे. इमारतीच्या व्यवस्थापनाकडून कोटा शिल्लक असल्याचं पत्र घ्या, परकीय चलनाचा कागद जोडा, फ्लॅटच्या मालकीचा कागद तुमच्या नावाने निघतो. लग्नानंतर घेतला तर तो सिन सोमरोत धरला जातो, एवढं लक्षात ठेवा.

आणि कुणी सुचवेल की कंपनी काढू, ५१ टक्के शेअर माझ्या दोन मेहुण्यांच्या नावावर टाकू, जमीन कंपनीच्या नावावर घेऊ. याला नामधारी मालक म्हणतात, हा गुन्हा आहे, जमीन विकायला लावतात आणि मेहुणेही त्यात सापडतात.

शेवटचा कागद

बायको आधी गेली तर परदेशी नवरा कायदेशीर वारस असतो, पण जमीन ठेवता येत नाही. ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त वर्षभरात, ती थाई माणसाला द्यावी लागते. मूल थाई नागरिक असेल तर जमीन त्याच्या नावावर जाऊ शकते. मृत्युपत्र नसेल तर मुलं, सासू-सासरे आणि तुम्ही असे सगळे एका टेबलाशी बसता, तेही दुखवट्यात. मृत्युपत्र अम्फोतच करता येतं, दोन साक्षीदार पुरतात. आमचं त्याच हॉलमध्ये झालं जिथे लग्नाची नोंद झाली होती, दोन टेबलं सोडून. साक्षीदार म्हणून गावचा फूयाय बान आला होता, म्हणजे आपला पाटीलच. सही करून झाल्यावर त्याने बायकोला विचारलं, हा माणूस भात किती खातो?